मशीद बंदरचे दर्यावर्दींचे घर

मुंबईत मशीद बंदरला, गोदीच्या अंगाला, इंडियन सेलर्स होम आहे. जहाजावर चढण्याआधी किंवा उतरल्यानंतर चार दिवस टेकायला परवडणारी जागा हवी असलेला खलाशी इथे येतो. बॅग ठेवतो, आंघोळ करतो, गावाकडे फोन लावतो आणि दुसऱ्या दिवशी कागदपत्रांच्या, वैद्यकीय तपासणीच्या मागे लागतो. ज्या छपराखाली तो झोपतो, त्याच छपराखाली पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची नावे आहेत. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नोंदवहीही इथेच आहे. त्या वहीत तेव्हाच्या शाही हिंदी नौदलातले सुमारे 400 आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास 6,000 खलाशी आहेत.

संस्थेचा इतिहास म्हटला की अध्यक्ष, विश्वस्त, कोनशिला आणि देणगीदार यांची यादी देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती या लेखात बाजूला ठेवली आहे. ही संस्था ज्यांच्यामुळे उभी राहिली ते लोक तिच्या स्थापनेच्या वेळी हयात नव्हते, आणि तिच्या इतिहासाचा मोठा भाग तिच्या भिंतींपासून हजारो मैलांवर, भूमध्य समुद्रात आणि अटलांटिकवर घडला. तो सांगितल्याशिवाय या वास्तूचा अर्थ लागत नाही.

मुंबईत खलाशांसाठी घर ही कल्पना नवी नव्हती. रिगल सिनेमासमोर आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय ज्या देखण्या दगडी इमारतीत आहे, ती मुळात रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम होती. एडिंबरोचे ड्यूक प्रिन्स आल्फ्रेड 1870 मध्ये मुंबईला आले, त्या भेटीची आठवण म्हणून ती बांधली गेली. वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. बोरीबंदर स्टेशन बांधणारे ते हेच. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तिच्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मान वर करून पाहिले तर त्रिकोणी माथ्यावर समुद्रदेव नेपच्यून आणि त्याचे घोडे आजही दिसतात. पण ते घर होते युरोपीय खलाशांसाठी. पुढे 1928 मध्ये सरकारने ते विकत घेतले आणि तिथे विधिमंडळ भरू लागले.

मग त्याच जहाजांवर, त्याच गोदीतून चढणारे आपले खलाशी राहत कुठे? ते आपापल्या गावकीत राहत. गोव्याच्या लोकांनी धोबीतलाव, माझगाव भागात गावागावाचे कूड, म्हणजे गाववाल्यांची सामाईक वसतिघरे, काढली होती. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्यांची रांग, एका टोकाला गावच्या पेट्रन सेंटची वेदी, संध्याकाळी तिच्यापुढे रोझरी आणि माणशी नाममात्र वर्गणी. रत्नागिरी, कुलाबा भागातल्या कोकणी मुसलमानांच्या जमातीच्या खोल्या होत्या. खारवी, भंडारी आपल्या गाववाल्यांच्या बिऱ्हाडी दाटीवाटीने निजत. नोकरी लावून देणारा घाटसारंग किंवा दलाल बहुतेकदा उधारीवर जेवूखाऊही घाली, आणि जहाजावरचा पहिला पगार त्याच्या हिशेबात जमा होई. गावकीने माणसाला उघड्यावर पडू दिले नाही, हे तिचे मोठेपण. पण ज्याच्या श्रमावर बंदराची भरभराट चालली होती, त्याच्यासाठी या शहराने एकही सार्वजनिक खोली बांधली नव्हती.

त्या काळी त्यांना लस्कर म्हणत. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक लस्कर होते. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणी, मग साधे खलाशी. खाली इंजिनाच्या पोटात आगवाले आणि कोळसेवाले. भटारखान्यात भंडारी. सलूनमध्ये बटलर आणि वाढपी, ते बहुधा गोव्यातल्या सासष्टी-बार्देसचे. साफसफाईला तोपास. मुंबईहून भरती होणाऱ्या डेकच्या खलाशांत रत्नागिरीकडचा वाटा मोठा होता. रॉयल इंडियन मरीन या सरकारी नाविक दलातही रत्नागिरीचेच खलाशी भरलेले असत. आगवाले बरेचसे पंजाब-सरहद्दीकडचे, आणि कलकत्त्याहून भरती झाली तर सिल्हेटचे. लस्करांचे करारही वेगळे असत. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार कितीतरी कमी, जहाजावर झोपायला कायद्याने मिळणारी जागाही कमी. कपडेही मुंबईच्या हवेला पुरतील असे. हे कपड्यांचे पुढे पुन्हा येणार आहे.

फेब्रुवारी 1917 पासून जर्मनीने पाणबुड्यांचे बंधनमुक्त युद्ध पुकारले, असे पाठ्यपुस्तकात असते. आपल्या खलाशांना मात्र त्याचा फटका आधीच बसला होता. लंडनहून मुंबईला निघालेली पी. अँड ओ. कंपनीची पर्शिया ही प्रवासी बोट 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीट बेटाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीने बुडवली. इशारा दिला नाही. दुपारच्या जेवणाची वेळ होती, सलूनमध्ये ताटे मांडलेली होती, आणि टॉर्पेडो लागल्यावर दहा मिनिटांच्या आत बोट पाण्याखाली गेली. बहुतेक जीवरक्षक होड्या सोडताही आल्या नाहीत. पाचशेहून अधिक लोकांपैकी साडेतीनशेच्या आसपास गेले. कपूरथळ्याचे महाराज त्याच बोटीने येत होते, पण मार्सेलिसला उतरल्यामुळे वाचले, ही बातमी तेव्हा खूप गाजली. बोटीच्या तळाशी, कोळशाच्या भट्टीपाशी त्या वेळी जे आगवाले पाळीवर होते त्यांची गोष्ट कोणी लिहून ठेवली नाही. शिडीने वर यायलाच त्यांना दहा मिनिटे लागली असती.

युद्ध आपल्या दारातही आले. वुल्फ नावाच्या जर्मन युद्धनौकेने 1917 च्या सुरुवातीला मुंबईच्या तोंडाशी चोरून सुरुंग पेरले. त्यांतल्या एकावर 23 जून 1917 रोजी पी. अँड ओ.चीच मंगोलिया फुटली आणि बुडाली. ऐन पावसाळ्याचा खवळलेला दर्या, आणि जागा मुंबईच्या दक्षिणेला, कोकणच्या किनाऱ्यासमोर. ज्यांच्या घरची माणसे सुएझपलीकडे मरत होती, त्यांना युद्ध आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचल्याचे त्या पावसाळ्यात कळले.

पहिल्या महायुद्धात साडेतीन हजारांच्या आसपास लस्कर प्राणाला मुकले आणि बाराशे कैदेत गेले, असा आकडा इतिहासकार देतात. ही माणसे लष्करी सेवेत नव्हती. त्यांना गणवेश नव्हता, बंदूक नव्हती, पदक मिळण्याची शक्यताही फारशी नव्हती. पण त्यांनी वाहिलेला गहू, ताग, कोळसा, खेचरे आणि सैनिक यांच्याशिवाय मेसोपोटेमियाची आघाडी चालली नसती आणि इंग्लंडची चूलही पेटली नसती.

इथे कोकणातल्या घरांचा विचार केल्याशिवाय पुढे जाववत नाही. रणांगणावर गेलेल्या शिपायाची निदान जागा सांगता येते. समुद्रात गेलेल्याचे काहीच हाती लागत नाही. कंपनीची तार यायची ती बोट बुडाल्याची, आणि त्यात माणूस 'बेपत्ता' असायचा. बेपत्ता म्हणजे काय समजायचे? दुसऱ्या बोटीने उचलला असेल, कुठल्या बेटाला लागला असेल, जर्मनांनी पकडला असेल. असे माघारी आलेले लोक खरोखरच होते, त्यामुळे आशा सोडवत नसे. देह नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देण्याचा पालाशविधी आपल्या शास्त्रात सांगितला आहे, पण तो कधी करायचा? शास्त्र बारा वर्षे वाट पाहायला सांगते. तोवर घरच्या बाईने कपाळाला कुंकू लावायचे की नाही? कोकणी मुसलमान शाफी पंथाचे. दूरदेशी मेलेल्यासाठी, देह समोर नसताना जनाज्याची नमाज पढायची मुभा त्यांच्यात आहे. गोव्याच्या घरांत रिकाम्या शवपेटीच्या चौथऱ्यापुढे मिस व्हायची. तिन्ही धर्मांनी आपापल्या परीने या रिकाम्या जागेसाठी विधी सांभाळून ठेवले होते. किनाऱ्यावरच्या लोकांना त्यांची गरज जुनीच होती. युद्धाने ती एकदम हजारो घरांत आणली.

युद्धानंतर मृतांची नावे आणि थडगी सांभाळण्यासाठी साम्राज्याने 1917 मध्ये स्थापलेले वॉर ग्रेव्हज कमिशन कामाला लागले. ज्यांचे थडगे नाही त्यांचे नाव कुठेतरी कोरलेले असावे, हे त्याचे मूळ सूत्र. ब्रिटिश व्यापारी खलाशांसाठी लंडनला टॉवर हिलवर लुट्येन्सने आखलेले स्मारक उभे राहिले आणि 1928 मध्ये राणी मेरीने त्याचे अनावरण केले. तिथे पहिल्या युद्धातली बारा हजार नावे आहेत. लस्करांची नावे त्यांच्या शेजारी कोरली गेली नाहीत, त्यांची सोय हिंदुस्थानात करायची ठरली.

कलकत्त्यात ती आधी झाली. हुगळीच्या काठी, प्रिन्सेप घाटाजवळ 1924 मध्ये लस्कर स्मारक उभे राहिले, लॉर्ड लिटन यांनी त्याचे उद्घाटन केले. बंगाल-आसामकडच्या 896 लस्करांच्या स्मृतीसाठी बांधलेला तो शंभर फुटी मनोरा आहे, छोट्या छोट्या मिनारांनी वेढलेला आणि पूर्वेकडच्या धाटणीचा. नदीवरून येताजाताना तो अजूनही उठून दिसतो. पुढे त्याची दुर्दशा झाली होती. भारतीय नौदलाच्या एका अधिकाऱ्याच्या खटपटीने 1990 च्या दशकात तो पुन्हा नीटनेटका झाला.

मुंबईने वेगळा मार्ग धरला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे हिंदी खलाशांसाठी राहण्याचे घर बांधले गेले, आणि ते घरच गेलेल्यांचे स्मारक ठरले. अविभक्त हिंदुस्थानातल्या खलाशांची आणि त्यांच्याबरोबर एडनच्या, पूर्व आफ्रिकेच्या खलाशांची नावे त्यात लावली गेली. एडन आणि पूर्व आफ्रिका का, असा प्रश्न पडेल. मुंबई, एडन, मोंबासा हा एकच जलमार्ग होता आणि त्या मार्गावरचे सोमाली, अरब, स्वाहिली खलाशी आपल्या खलाशांच्या शेजारीच भट्टीत कोळसा टाकत होते. मृत्यूही शेजारीच आला. मुंबईतल्या भिंतीवर त्यांना जागा मिळाली, याचा मुंबईकर म्हणून मला फार अभिमान वाटतो.

स्तंभ की घर, या निवडीला माझ्या मते या संस्थेच्या इतिहासात सर्वांत जास्त महत्त्व आहे. मनोऱ्यापाशी माणूस वर्षातून एकदा जातो, तेही कोणी समारंभ ठरवला तर. या घरात रोज नवा खलाशी येतो आणि पाट्यांवरच्या नावांजवळून जातो. त्यातला एखादा थांबून वाचतो, कारण त्याच हुद्द्यावर त्याची स्वतःची भरती झालेली असते. गेलेल्यांच्या नावाने अन्नछत्र, धर्मशाळा, पाणपोई घालण्याची आपली जुनी परंपरा आहे. बापाच्या नावाने घाटावर पायऱ्या बांधणारा समाज हे स्मारक लगेच समजू शकतो. इथे गेलेल्या खलाशांच्या नावाने जिवंत खलाशाला निवारा मिळतो.

घर उभे राहून पुरती दहा वर्षेही झाली नसतील तोच दुसरे युद्ध आले.

त्याची सुरुवात आपल्या खलाशांनी संपाने केली, हे संस्थेच्या या स्मरणिकेत यायलाच हवे. सप्टेंबर 1939 पासून लंडन, ग्लासगो, लिव्हरपूल आणि इतर बंदरांत हिंदी खलाशांनी जहाजे नेण्यास नकार दिला. समुद्र धोक्याचा झाला आहे, गोऱ्या खलाशांना युद्धभत्ता मिळतो, आम्हालाही पगारवाढ द्या, एवढी साधी मागणी होती. शेकडो जणांना तुरुंगात टाकले गेले. पण संप मोडला नाही, कंपन्यांना पगार वाढवावे लागले आणि पुढच्या काळातही ते वाढत गेले. या संपाला कोणी देशद्रोह म्हणाले, कोणी संधिसाधूपणा. मला त्यात स्वतःच्या जिवाची किंमत ओळखलेली माणसे दिसतात. तुरुंगातून सुटल्यावर त्यांतली बहुतेक पुन्हा जहाजांवर चढली.

पुढच्या वर्षी, 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री, सिटी ऑफ बनारस ही बोट अटलांटिकमध्ये बुडाली. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी इंग्लंडमधून कॅनडाला पाठवलेली 90 मुले तिच्यावर होती. त्यांतली 77 गेली. या घटनेवर इंग्रजीत पुस्तके आहेत, नाटके आहेत, आणि त्या मुलांसाठी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण बोट चालवणारे दीडशेहून अधिक लस्कर होते आणि त्यांतलेही शंभराच्या आसपास गेले. होड्या पाण्याने भरलेल्या, गारांचा पाऊस, आणि अंगात सुती कपडे. बुडण्याच्याही आधी त्यांना थंडीने मारले.

त्या बोटीची बारा नंबरची होडी मात्र वाचली. तिच्यात सेहेचाळीस जण होते: सहा मुले, त्यांची एक शिक्षिका, एक कॅथलिक पाद्री, जहाजाचे काही अधिकारी, आणि उरलेले, म्हणजे तीसेक, आपले खलाशी. युद्धनौकेने पहिल्या दिवशी इतर होड्यांतले लोक उचलले, ही होडी तेवढी दिसली नाही. आठवडाभर ती अटलांटिकमध्ये तरंगत राहिली. पाण्याचे घोट मोजून वाटले जात. लांब दांडे पुढेमागे ओढून पाण्याखालचा पंखा फिरवायचा, अशी त्या होडीची रचना होती. वल्ही मारता न येणारा माणूसही ती हलवू शकत असे, आणि हातापायांना ऊब आणायला तेवढाच आधार होता. आठव्या दिवशी विमानातून ती दिसली आणि अँथनी या विनाशिकेने सगळ्यांना वर घेतले. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस जण तेव्हा जिवंत होते. शिक्षिकेने मुलांना रोज गोष्टी सांगून कसे जगवले ते जगाला ठाऊक आहे आणि ते ठाऊक असायलाच हवे. त्याच फळ्यांवर गुडघे मुडपून आठ दिवस काढलेल्या तीस खलाशांनी आपसात काय बोलणे केले, कोणाची प्रार्थना म्हटली, हे कोणी विचारले नाही. त्यांची जबानी घेतली गेली असती तर या घराच्या भिंतीवर ती मोठ्या अक्षरांत लागली असती.

आणि मुंबईची स्वतःची बोट, तिलावा. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट 20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून मोंबासा, लॉरेन्सो मार्किस आणि दर्बानला निघाली. 732 उतारू आणि 222 खलाशी. उतारू बहुतेक आफ्रिकेत पोटापाण्याला निघालेली आपलीच माणसे. 23 तारखेच्या पहाटे, अजून अंधार असताना, जपानी पाणबुडीचा पहिला टॉर्पेडो लागला. बोट एका अंगावर कलली, पण तरंगत राहिली. होड्यांत उतरलेल्या काहींना वाटले ती तगेल. ते परत चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. तारयंत्र चालवणारा अधिकारी शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवत राहिला आणि बोटीबरोबर गेला. दोन दिवसांनी बर्मिंगहॅम या युद्धनौकेने वाचलेल्यांपैकी बहुतेकांना उचलले, कार्थेज या बोटीने आणखी चौघांना, आणि 27 नोव्हेंबरला बर्मिंगहॅम वाचलेल्यांना घेऊन मुंबईला आली. 280 जण परत आले नाहीत.

तिलावाच्या पोटात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी निघालेल्या चांदीच्या दोन हजारांहून अधिक विटा होत्या. अडीच किलोमीटर खोल पाण्यातून 2017 मध्ये त्या वर काढल्या गेल्या, आणि त्यांच्यावर हक्क कोणाचा हा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे 2024 मध्ये निकाल लागला. एवढे कष्ट, एवढा पैसा, एवढी बुद्धी त्या चांदीसाठी खर्च झाली. त्याच बोटीवरच्या आगवाल्यांची आणि भंडाऱ्यांची गावे शोधायला त्याच्या शतांशाने खर्च झाला असता तरी कोकणापासून काठियावाडपर्यंतच्या किती घरांना उत्तर मिळाले असते!

गोव्याच्या खलाशांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. गोव्याचे लोक पोर्तुगालचे प्रजाजन, म्हणजे कायद्याने त्यांचे या युद्धाशी काही देणेघेणे नव्हते. मार्मागोव्याच्या बंदरात तर जर्मन जहाजे आसरा घेऊन उभी होती. तरी सासष्टीचा वाढपी मुंबईच्या कुडातून निघून ब्रिटिश बोटीवर चढला आणि उत्तर अटलांटिकमध्ये बुडाला. घरी शेत होते ते मीठ-तांदळापुरते, आणि बोटीची मनिऑर्डर आली नाही तर पोरांची शाळा सुटायची. कारण एवढेच होते. त्याला हुतात्मा म्हणायचे की नाही यावर वाद घालता येईल, पण त्याचे नाव या नोंदवहीत आहे आणि ते योग्य जागी आहे.

शाही हिंदी नौदलाची पठाण ही छोटी गस्तीनौका 23 जून 1940 रोजी मुंबईसमोरच बुडाली, इतक्या लवकर आणि इतक्या जवळ. जलबालासारख्या सिंदिया कंपनीच्या, म्हणजे आपल्या स्वदेशी कंपनीच्या, बोटीही बुडवल्या गेल्या. स्वदेशी नौवहनासाठी 1919 पासून वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी जो लढा दिला, त्याची किंमत या युद्धात खलाशांनी मोजली. आणि 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकाइन जहाजाचा स्फोट झाला तेव्हा सेलर्स होमच्या शेजारचा मांडवी, मशीद बंदरचा सारा पट्टा होरपळला.

दुसऱ्या युद्धाचा हिशेब 6,600 मृत, हजाराहून अधिक जखमी आणि बाराशेहून अधिक कैदी असा सांगितला जातो. कैद्यांतले अनेक जण ब्रेमेनजवळच्या मिलाग नॉर्ड या खलाशांच्या छावणीत अडकले होते. हिंदी खलाशांसाठी तिथे वेगळी बराक होती.

या युद्धाची नावे फलकावर न कोरता नोंदवहीत लिहिली गेली. तिच्या दोन प्रती केल्या. एक मुंबईच्या या घरात आली आणि दुसरी चितगावच्या युद्ध-दफनभूमीत ठेवली गेली. त्यामुळे या स्मारकाचे अधिकृत नावच मुंबई-चितगाव असे जोडून घेतले जाते. नोंदी झाल्या तेव्हा फाळणी व्हायची होती किंवा नुकतीच झाली होती. आज त्या वहीतली गावे भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश अशा तीन देशांत विखुरली आहेत. राजापूरचा खलाशी, सिल्हेटचा आगवाला आणि मिरपूरचा कोळसेवाला एकाच पानावर असू शकतात. या उपखंडात एकत्र ठेवलेली अशी दुसरी यादी मला माहीत नाही, आणि ती ज्या वास्तूत आहे तिचे जतन करणे हे नुसत्या संस्थेचे काम राहत नाही.

नोंदी जवळून पाहिल्या तर त्यांची एक वेगळीच शैली जाणवते. आधी नाव, मग हुद्दा, मग बोट आणि तारीख. जिथे कागद मिळाले तिथे बापाचे नाव, गाव आणि जिल्हा. 'लस्कर', 'तांडेल', 'सुकाणी', 'भंडारी', 'तोपास' हे शब्द ब्रिटिश सरकारी कारकुनाच्या इंग्रजीतही तसेच राहिले. या कामांसाठी त्याच्याकडे दुसरे शब्दच नव्हते. नावांची स्पेलिंगे मात्र कानाला जशी लागली तशी. एकच आडनाव चार तऱ्हांनी. काहींना बापाचे नाव नाही, काहींना गाव नाही, काहींचे नुसते एकेरी नाव. एकाच बोटीच्या, एकाच तारखेच्या नोंदी ओळीने येतात, आणि त्यांत एकाच गावची माणसे सापडतात. सारंग आपल्याच गावातली, आपल्याच नात्यातली पोरे भरती करत असे, त्यामुळे एक बोट गेली की एका वाडीची दहा-दहा माणसे एका रात्रीत जात. आकड्यांपेक्षा हे पान पाहिले की युद्ध कळते.

वॉर ग्रेव्हज कमिशनने 2021 मध्ये स्वतःच्या इतिहासाची चौकशी करून एक अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आशियाई आणि आफ्रिकी लोकांपैकी किमान पंचेचाळीस हजार जणांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही आणि एक लाखाहून कितीतरी अधिक लोकांची नावे कुठेच नोंदली गेली नसावीत, हे त्यात मान्य केले आहे. त्या पार्श्वभूमीवर मुंबईच्या या भिंतीवर नावे आहेत, ही गोष्ट मोठी ठरते. 1971 च्या युद्धात बुडालेल्या आयएनएस खुकरीचे 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक दीवच्या स्मारकामुळे देशाच्या ध्यानात राहिले आहेत आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव शाळकरी मुलांना माहीत असते. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांच्या वाट्याला तेवढे ध्यान कधी आले नाही.

स्वातंत्र्यानंतर संस्थेचे रोजचे काम बदलत गेले. दलाल आणि घाटसारंग यांच्या हातून भरती सरकारी भरती कार्यालयाकडे गेली, पाळीप्रमाणे नोकरी मिळू लागली, संघटना मजबूत झाल्या. गोदीत दिवसेंदिवस थांबणाऱ्या मालवाहू बोटी गेल्या, कंटेनर आले, मोठी वाहतूक न्हावा-शेवाला सरकली. खलाशी आता विमानाने जाऊन सिंगापूरला किंवा रॉटरडॅमला बोट पकडतो. तरीही रत्नागिरीतून, मिनिकॉयमधून, तुतिकोरिनमधून आलेल्या पोराला मुंबईत चार रात्री काढायच्याच असतात, आणि खोल्यांचे भाडे आजही त्याला जड जाते. म्हणून या घराची गरज संपलेली नाही. तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखातात 2023 च्या अखेरीपासून व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रे पडू लागली आणि त्या जहाजांवर भारतीय खलाशी होते. संप करणाऱ्या 1939 च्या खलाशांनी विचारलेला प्रश्न आजही तसाच उभा आहे: बाहेर धोका वाढला की तो पत्करणाऱ्याला त्याचे काय मिळते?

संस्थेपुढे आता एक काम आहे, आणि ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सुरू व्हावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. फलकावरची आणि नोंदवहीतली नावे इंग्रजीत आहेत. ज्यांची ती नावे आहेत त्यांच्या घरात मराठी, कोकणी, उर्दू, गुजराती, बंगाली बोलली जाते. ती देवनागरीत आणि इतर लिप्यांत उतरवायला हवीत, आणि स्पेलिंगच्या चक्रव्यूहातून आडनाव ओळखू शकेल अशा गावच्या जाणत्या माणसाच्या मदतीने. मग जिल्हावार, गाववार याद्या करून त्या ग्रामपंचायतींना, जमातींना, चर्चना पाठवता येतील. दापोली, खेड, चिपळूण, राजापूर, अलिबाग, मुरुड या तालुक्यांतल्या शाळांत शिक्षकांनी मुलांना आजोबा-पणजोबांबद्दल विचारायला लावले, तर कितीतरी पेट्यांच्या तळाशी जुने जहाजी दाखले, पोस्टकार्डे आणि फोटो निघतील.

तोवर ज्यांना आपल्या घरातल्या माणसाचा शोध घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी मार्ग आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यांत पहिल्या युद्धासाठी 'बॉम्बे 1914-1918 मेमोरियल' आणि दुसऱ्यासाठी 'बॉम्बे/चितगाव 1939-1945' असे स्मारक निवडावे. नावाची सगळी शक्य स्पेलिंगे लावून पाहावीत, आडनाव सापडले नाही तर नुसते पहिले नाव, तेही नाही तर बोटीचे नाव आणि वर्ष. घरात कोणी 'बापूस बोटीवर होता, परत आला नाही' एवढेच सांगितले असेल तरी वर्ष आणि बोट कळली तर यादी दहा-वीस नावांवर येते. नाव सापडले तर गाव, वाडी, घरातले नाते आणि फोटो असेल तर त्याची प्रत संस्थेकडे पाठवावी. ज्या नोंदींत बापाचे नाव आणि गाव रिकामे आहे, त्या जागा भरण्यासाठी आता फक्त घरच्यांच्या आठवणींचाच आधार उरला आहे.